मृतवजावट

२०७१ साली जंगलाला नुसतं नाव असून भागत नसे, जीवांक लागे. आजाऱ्याच्या उशाशी तापाचा तक्ता टांगावा तसा प्रत्येक रानाच्या वेशीवर फलक असे आणि फलकावर एक आकडा. हा आकडा श्वासपेटी काढायची. अस्वल असो की बुरशी, प्रत्येक जीव आपल्या अंगाचे सूक्ष्म कण हवेत सोडत असतो आणि त्या कणांत त्याचा डीएनए असतो. जेवणाच्या डब्याएवढी ही पेटी आठवडाभर रानातली हवा ओढून घेई आणि किती जातींच्या जिवांचा माग लागला ते सांगे. जितक्या जाती, तितका जीवांक. शेंबड्या पोरालाही कळावं इतकं सोपं, आणि म्हणूनच जगभरच्या राज्यकर्त्यांना ते फार आवडलं.

या आकड्यावर समतुल्यतेचा कायदा उभा राहिला. जुनं जंगल तोडायचं असेल तर तेवढ्याच जीवांकाचं लावलेलं जंगल दाखवायचं, की परवानगी हातात. रानाचं वय विचारण्याची सोय कायद्यात नव्हती. चारशे वर्षांचं अरण्य आणि चाळीस वर्षांची लागवड एकाच तराजूत बसवताना कोणाला लाज वाटल्याची नोंद नाही. उलट या कायद्याबद्दल लोकांनी एकमेकांना शाली पांघरल्या.

उत्तर फिनलंडमधल्या कोर्पीवारा या जंगलाची पाळी त्या वर्षीच्या सप्टेंबरात आली. तिथले काही पाइन शिवकाळात रुजलेले होते. कोर्पीवाराचा जीवांक निघाला ११४०, आणि शेजारच्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या लागवडीचा ११९०. म्हणजे जुनं रान हरलं. जमीन गोठून दगडासारखी झाली, की अवजड यंत्रं आत शिरणार होती. त्याआधी समतुल्यतेच्या जागतिक आयोगासमोर एकच सुनावणी उरली होती, आणि तिथे जंगलाच्या बाजूने बोलणार होती डॉ. ऋजुता गुरव. श्वासपेटी तिनेच बनवली होती. कोर्पीवारात आठ उन्हाळे काढल्यामुळे हा आकडा खोटा आहे हे तिला आतून कळत होतं, पण खोट कुठे आहे ते सापडत नव्हतं.

नेमके त्याच आठवड्यात तिचे वडील, आबा, कोकणातून आले. दत्ताराम गुरव, वय अठ्ठ्याहत्तर, कोंडतळी गावच्या देवराईचे पिढीजात राखणदार. गेली कित्येक वर्षं बोलावूनही न येणारा माणूस या वेळी आपणहून आला, याचंच ऋजुताला अप्रूप वाटलं. देवराई कशी आहे असं तिने विचारलं, तर आबा म्हणाले, हाय. मग त्यांनी चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना दोन्ही रानं दाखवायला घेऊन गेली. आधी लागवड. एका उंचीची, एका जाडीची झाडं, कवायतीला उभी केल्यासारखी. खाली जमीन झाडून काढल्यासारखी स्वच्छ. वाटांच्या कडेने उजेड पडतो म्हणून तिथे गवतं आणि रानफुलं भरपूर, कुठेही तग धरणारे किडे आणि पाखरंही भरपूर. आकडा फुगतो तो त्यांच्यामुळे, असं ऋजुताने समजावलं. आबा बराच वेळ इकडेतिकडे बघत राहिले.

"हितं मेल्यालं कायच नाय," ते म्हणाले.

ती हसली. वाळलेलं झाड दिसलं की इथली माणसं लगेच उचलून नेतात, म्हणाली. कीड लागू नये म्हणून.

कोर्पीवाराच्या कडेला पोचल्यावर आबांनी बूट काढले. थंडी चार अंशांची होती. ऋजुताने नको म्हटलं, पण त्यांनी ऐकलं नाही. देवराईत वहाणा घालून जात नाहीत आणि हे रान कोणाचं आहे ते त्यांना बघताक्षणी कळलं होतं. ओल्या शेवाळावर पाय ठेवत ते आत गेले. आडवी पडलेली प्रचंड खोडं, त्यांच्यावर फळ्यांसारख्या बुरशा, सालीखाली भुंगेरे, आणि एका मेलेल्या खोडाच्या पाठीवर ओळीने उगवलेली स्प्रूसची पोरं. आबांनी कशालाही हात लावला नाही. पेटीपाशी मात्र ते थबकले. पेटीभोवती पन्नास पावलांचं वर्तुळ साफ केलेलं होतं. पडलेली खोडं, फांद्या, काटक्या, सगळं उचलून बाजूला रचलं होतं.

"ह्ये कुनी उचाललं?"

पेटी लावणाऱ्यांनी, ती म्हणाली. नियमच आहे तसा, पेटीसोबतच्या पुस्तिकेतला पहिला.

"कुनाचा नियम?"

"माझा, आबा."

आबा त्या ढिगाकडे बघत उभे राहिले.

लागवडीत मेलेलं काहीच नाही, हे आबांचं वाक्य ऋजुताच्या डोक्यात घर करून बसलं होतं. पेटी बनवताना तिला एक अडचण आली होती. पडलेलं झाड कुजताना वर्षानुवर्षं आपला डीएनए हवेत सोडत राहतं; पेटीला ते जिवंतच वाटतं. म्हणून तिने गणितात एक पायरी घातली आणि तिला नाव दिलं मृतवजावट. कुजक्या लाकडाचे कण आले, की ते आणि त्यांच्यासोबत जे जे आलं ते सगळं एकूण संख्येतून वजा. शिवाय गोंधळ कमी व्हावा म्हणून पेटीभोवतीची पडझड आधीच उचलायची. ही पायरी तिने तपासली ती नव्या लागवडींमध्ये, जिथे मेलेलं लाकूड नव्हतंच. तिथे फरक पडला नाही. सगळं छान जुळलं.

जुन्या उत्तरी जंगलातल्या दर चार जातींमागे जवळजवळ एक जात मेलेल्या लाकडावर जगते. तिथेच अंडी घालते, तिथेच खाते, तिथेच लपते. मृतवजावटीने त्या सगळ्यांना मढ्यांत जमा केलं होतं. ऋजुताने ती पायरी काढून जुनी मोजणी पुन्हा चालवली. लागवड ११९० वरून १२१० वर गेली. कोर्पीवारा ११४० वरून १५६० वर.

तिला स्वतःचा संताप आला. सात वर्षांची असताना शाळेच्या हस्तकलेसाठी तिने देवराईतून बोटभर काटकी उचलून आणली होती. आबांनी तिला हाताला धरून परत नेलं होतं. काटकी जिथली तिथे ठेवायला लावली, वर नारळ ठेवायला लावला. देवराईतलं पडलेलं पान हलवायचं नाही, चुकून हललं तर होतं तिथेच नेऊन ठेवायचं, हे तिला दूध पिण्याच्या वयापासून माहीत होतं. पुढे चार पदव्या घेतल्यावर तिने त्याला अडाणीपणा म्हटलं, आणि पुस्तिकेत पहिलाच नियम लिहिला, पडलेलं सगळं उचला.

सुनावणीत तिने हे सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. आबा मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. भाषा कळत नसली तरी लेकीचा आवाज कळत होता. आयोगाचे अध्यक्ष यारमो फार सभ्य गृहस्थ होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, आकडे बरोबर असल्याचं मान्य केलं. मग त्यांनी एक जाड यादी तिच्यापुढे सरकवली.

"या पेटीच्या आधारे आजवर जगभरात तीनशे बारा जंगलं बदलून दिली आहेत. तुमची दुरुस्ती आज मान्य केली, तर ते सगळे निर्णय बेकायदेशीर ठरतील."

"ठरू देत. ते चुकीचेच होते."

"मग ती जंगलं परत उभी राहतील का, डॉक्टर?"

दुरुस्ती चांगली आहे, ते पुढे म्हणाले. ती एक जानेवारीपासून लागू होईल. कोर्पीवाराची मोजणी जुन्या नियमाने झाली असल्याने तोड नोव्हेंबरात ठरल्याप्रमाणे होईल. ऋजुताने आवाज चढवला. खून झालाय हे कबूल करता आणि पुढचा खून ठरल्या वेळी करता, असं ती म्हणाली. अध्यक्षांनी तिचं म्हणणं इतिवृत्तात नोंदवायला सांगितलं आणि पुढचं प्रकरण पुकारलं. चुकीवर चूक रचण्याला ही माणसं सातत्य म्हणत होती, आणि कोणाच्या जिवाला काही लागत नव्हतं.

बाहेर अंगणात बाक होता. ऊन स्वच्छ पडलं होतं. यादी कसली आहे ते आबांना सांगून ऋजुता ती उघडू लागली तेव्हा आबांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"नको वाचू, बाय. आमचं गाव हाय त्यात."

तिला आधी अर्थच लागला नाही. मग आबांनी खाली बघत सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात माणसं आली, अशीच पेटी घेऊन. देवराईत कोणालाही फांदी हलवू द्यायची नाही म्हणून गाव वाट अडवून उभा राहिला. तेव्हा त्या माणसांनी पुस्तिका दाखवली. पहिल्या पानावर ऋजुताचा फोटो होता. गावाने आबांकडे बघितलं, आणि आबांनी वाट दिली.

"म्या म्हनलं, लेकीची पेटी हाय. ती देवराईचं वायट करंल व्हय? पन परक्यांचा हात नको लागाय म्हनून म्याच उचाललं सगळं. दोन दिवस येकटा वाकून उचालत व्हतो."

मग आकडा आला. पलीकडच्या अकेशियाच्या लागवडीपेक्षा देवराई सत्तावीसने कमी भरली. पावसाळा संपताच तोड झाली. फोनवर देवराई हाय असं ते सांगत राहिले, कारण लेकीला काय सांगायचं ते त्यांना सुचेना.

आबांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक रुमाल काढून उलगडला. त्यात वीतभर वाळकी काटकी होती.

"उचालताना येक खिशात ऱ्हायली व्हती. मागाहून धेनात आलं, तवर तोड झाली व्हती. नारळ बी आनलेला, जिथली तिथं ठेवाया." त्यांनी काटकी तिच्यापुढे धरली. "आता ही कुठं ठेवू, सांग."

ऋजुताने काटकी हातात घेतली. कोर्पीवारात ठेवावी असं तिच्या मनात आलं होतं, पण नोव्हेंबर जेमतेम दीड महिन्यावर होता.