खुळखुळ्याचा आवाज

"आता खुर्चीवरून उतरलात तरी चालेल," तो म्हणाला. "साप बादलीत आहे आणि झाकण घट्ट फिरवलंय."

"आणि झाकण निघालं तर?"

"तर मीही वर चढेन. दोघं मावू ना?"

ओडिलिया हसली नाही. मघाशी मागच्या ओसरीत, कोरफडीच्या कुंडीआड तो खुळखुळ्या साप वेटोळं घालून बसला होता. वाळत घातलेला टॉवेल काढायला ती वाकली, आणि तो आवाज आला... कोरड्या शेंगा कुणी जीव खाऊन हलवाव्यात तसा. तिनं अग्निशमन दलाला फोन लावला तो खुर्चीवर उभं राहूनच. टूसॉनसारख्या वाळवंटातल्या शहरात साप निघाला की हेच करायचं असतं. आणि मग लांब चिमटा नि पांढरी बादली घेऊन हा आला. एलिओ गास्तेलुम. रुंद खांद्यांचा, उन्हानं रापलेला, आणि जरा जास्तच धीट. कारण ती बोलायला लागली की तो सरळ तिच्या ओठांकडेच बघायचा.

"याला सोडणार कुठे?" ती अखेर खाली उतरली.

"तुमच्या भिंतीपलीकडे. रानात."

"इतक्या जवळ? वेड लागलंय का तुम्हाला?"

"लांब नेला की वाट चुकतो बिचारा, मरतो. तुमचा शेजारी आहे तो. जुना रहिवासी."

तिच्या भिंतीमागे ते राखीव रान होतं. तीन बाजूंनी कौलारू घरं, मध्ये उंच निवडुंग, आणि पलीकडे डोंगर. त्या देखाव्यासाठीच तिनं हे घर घेतलं. पण मागचं फाटक तिनं एकदाही उघडलं नव्हतं. भीती... दुसरं काय!

"मी येते," ती म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकून तिलाच नवल वाटलं. "डोळ्यांनी बघितल्याशिवाय झोप नाही यायची मला."

"या पायांनी?"

तिच्या पायांत घरातल्या रबरी चपला होत्या.

"वाट साफ आहे ना?"

"वाट आहे. वाटेबाहेर एकही पाऊल टाकायचं नाही. आईची शपथ घ्या."

"कुणाच्या आईची?"

"माझ्या. ती जास्त कडक आहे."

ऊन कलत होतं. निवडुंगांच्या सावल्या वाटेवर आडव्या पडल्या होत्या, आणि ओडिलियाला त्यातली प्रत्येक सावली हलल्यासारखी दिसत होती. कुठूनशी तुरेवाल्या लावा पक्ष्यांची रांग पळाली नि ती दचकून मागे सरली. पुढे एलिओ, हातात बादली. बादलीत तीच खुळखुळ.

"नेहमी एकटेच येता?" तिनं मागून विचारलं.

उत्तर नाही.

"मी काहीतरी विचारलं!"

नाहीच. ती हिरमुसली. समोर असताना ओठांवरून नजर हटत नाही, आणि पाठ फिरली की ओळखसुद्धा नाही!

मोकळ्या जागी त्यानं हातानं तिला थांबवलं. पुढे जाऊन झाकण फिरवून सैल केलं, मग चिमट्यानं ते काढून बादली आडवी केली. साप हळूच बाहेर आला, क्षणभर थबकला, आणि काटेरी झुडपांत दिसेनासा झाला. संपलं! ओडिलियानं श्वास सोडला.

आणि पुन्हा तो आवाज आला.

पुढून नाही... एलिओच्या मागून. डाव्या हाताच्या दगडाखालून. दुसरा साप! आणि एलिओ बादली उचलून, एकेक पाऊल मागे मागे, थेट त्या दगडाकडे सरकत होता.

"एलिओ!"

तो सरकतच राहिला.

"एलिओ, थांब!"

आवाज आता इतका टिपेला गेला होता की तिच्या दातांत झिणझिण्या आल्या. आणि तो... तो शीळ घालत होता! तेव्हा तिला कळलं. दिवसभर लोकांचे कान तपासणारी ती. तिला हे आधीच कळायला हवं होतं. त्याला ऐकूच येत नव्हतं. समोरून बोललेलं तो ओठांवरून वाचत होता.

पळत जाण्याइतकी उसंत नव्हती. तिनं पायातली चप्पल उपसली आणि सगळ्या ताकदीनं फेकली.

चप्पल फाडकन त्याच्या पाठीत बसली. एलिओ जागच्या जागी दगड झाला. लहानपणी ज्यानं आईची चप्पल खाल्लीय तो असाच थिजतो. मग त्यानं नुसती मान वळवली.

तिनं तळहात उभा धरला. आवाज न काढता, ओठ सावकाश हलवले – साप. मागे. डावीकडे. पुढे जा.

तो वाचत होता. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरलेला तिला तिथूनही दिसला. एक पाऊल पुढे. आणखी एक. मग वळसा घालून तो वाटेवर आला, तिच्या अगदी समोर.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"काय, कधीपासून?"

"मी कान तपासते, एलिओ. तोच माझा धंदा आहे."

त्यानं हसून बघितलं, जमलं नाही. "बंबाच्या भोंग्यांनी कान खाल्ले. जाडे आवाज तेवढे येतात, बोलणं नि बारीक आवाज जातात. आता तर सापही..." तो थांबला. "दलात कळलं तर बंबावरून उतरवतील मला. दुसरं काही येत नाही गं मला."

"सोमवारी माझ्याकडे यायचं."

"आणि नापास झालो तर?"

"तर यंत्र लावायचं. ते मिळेपर्यंत साप धरायचे नाहीत. दलाला तू सांगायचंस, मी बरोबर येईन."

"मला भीती वाटते."

"मला नाही वाटत असं वाटलं तुला?"

तो बराच वेळ तिच्या ओठांकडे बघत राहिला, ती गप्प असूनही.

"आता काय वाचतोयस? मी काही बोलत नाहीये."

"ठाऊक आहे," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. "मघाशी ऐकण्यासाठीच बघत होतो. पण आता..."

तिनं नजर खाली वळवली. एक पाय उघडा होता. चप्पल दगडाजवळ पडली होती, आणि ती आणायला जायचं दोघांपैकी कुणी मनातही आणलं नाही. त्यानं आपला एक बूट काढून तिच्यापुढे ठेवला. बूट इतका मोठा होता की तिला पाऊल ओढत चालावं लागलं, आणि एलिओ एका पायात नुसत्या मोज्यानं, खडा बोचला की "आई गं" म्हणत.

वाट अरुंद होती. तो पुढे, ती मागे. दर झुडपापाशी ती कान टवकारत होती. आता दोघांचं ऐकायचं काम तिच्याकडे होतं. त्याच्या पाठीवर चपलेचा धुळकट ठसा होता. ती त्या ठशाकडे बघत हलकेच म्हणाली, "मघाशी मी सापाला घाबरले नव्हते. तू जिवानिशी जाशील म्हणून घाबरले होते."

तो चालत राहिला. त्याला ऐकू जाणार नव्हतं, म्हणूनच तर ती बोलली होती.

फाटकापाशी पोचल्यावर तो बाजूला झाला, तिला आधी जाऊ द्यायला. ती गेली नाही. मोठा बूट फरफटत ती वळसा घालून त्याच्यासमोर आली, हनुवटी वर केली, चेहऱ्यावर ऊन पडेल अशी उभी राहिली.

"मघाशी मी काहीतरी म्हटलं," ती सावकाश, एकेक शब्द स्पष्ट करत म्हणाली. "आता नीट बघ हं..."