चाकं बसल्यावर

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या बोचऱ्या थंडीत ॲग्नेस चर्चच्या हॉलमधून स्पीकर ओढत होती आणि त्याला वसईतल्या शिव्या देत होती... हळूच, कारण फादर आतच होते.

“एक बाजू धरू का?”

मराठी! तिनं वळून पाहिलं. कुंपणापाशी सायकल धरून एक उंच मुलगा उभा होता, गालात हसत.

“नको. लांब राहायचा नियम आहे.”

“मग एकटी उचलणार?”

“उचलेन की.”

उचलला गेला नाहीच. कपाटाएवढी जड लाकडी पेटी ती; दोघांशिवाय हलायची नाही, आणि त्या कोरोनाच्या दिवसांत परक्या घरच्या माणसाजवळ जायची सोय नव्हती. आत मोजक्यांनाच जागा, बाकीचे पार्किंगमध्ये गाडीत बसून मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, ऐकायचे. मागच्या रविवारी शेवटच्या रांगेतली म्हातारी माणसं काहीच ऐकू न येता परतली होती. चर्चमध्ये गाणाऱ्यांचा गट, क्वायर, ॲग्नेस सांभाळायची. पुढच्या वेळी ऐकू येईल, असा शब्द तिनं त्यांना दिला होता.

“चाकं लावते याला,” ती म्हणाली.

मुलाचं नाव यतिन. इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकलेला, आता ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला. दुसऱ्या दिवशी तो ड्रिल घेऊन आला. हॉस्पिटलमधली शिफ्ट संपली की ॲग्नेस यायची, अंगणात पेटी आडवी करून भोकं पाडायची. तो लांब पायरीवर बसून तिला चिडवायचा. त्यानं सुचवलं म्हणून तिनं तळाला चार चाकं बसवली. पेटी उभी केली मात्र... आणि ती उतारावरून सुटली! यतिननं धावत जाऊन खांदा लावला. मागोमाग ॲग्नेस. पेटी थांबली. दोघं धापा टाकत इतकी जवळ उभी होती की त्याच्या जॅकेटला येणारा ग्रीसचा वास तिला आला. मागं सरकायला हवं होतं — कुणीच सरकलं नाही.

“माझी आयडिया फसली,” तो पुटपुटला.

“फसू दे. परत करू.”

तिनं सगळे स्क्रू काढले. या वेळी मागच्या खालच्या कडेला दोनच चाकं, वर दणकट मूठ. उभी असली की पेटी जागची हलेना. कलती केली की बॅगेसारखी मागोमाग येई. हॉलमधल्या दुसऱ्या स्पीकरच्या पेटीलाही तिनं तसंच केलं.

रविवारी तिनं दोन्ही स्पीकर एकटीनं बाहेर नेले. क्वायरचं गाणं शेवटच्या गाडीपर्यंत पोहोचलं, आणि ‘आमेन’ला सगळ्यांनी हॉर्न वाजवले.

गाड्या गेल्यावर यतिन ड्रिल बॅगेत भरू लागला. “झालं. आता तुला माझी गरज नाही.”

“नाहीच,” ॲग्नेस म्हणाली. पण तिनं नजर वळवली नाही. “म्हणून तर सांगतेय... मला तू आवडतोस. परत ये. काम काही नसेल.”

बॅगेची चेन अर्धीच राहिली.

“रोज आलो तर?”

“ये,” ती म्हणाली.