सरकून बसलेला अज्जा

बक्षीस मिळालेली फिल्म पेन ड्राइव्हवर घेऊन मी दुपारच्या एसटीनं कोल्हापूरहून गडहिंग्लजला गेलो. अज्जीला दाखवायची होती, आणि खरं सांगतो, वाटेत दोनदा उतरून परत फिरावंसं वाटलं.

सात मिनिटांची फिल्म. मातीच्या बाहुल्या तसूतसूनं हलवून काढलेले हजारो फोटो. आमच्या समाजात गेलेल्या माणसाला बसवून पुरतात. माझा अज्जा, चनबसाप्पा, त्याला खड्ड्यात बसवताना मान सारखी पुढं कलत होती. भावकी "डावीकडं घ्या, उजवीकडं घ्या" करत भांडत होती आणि मला, सख्ख्या नातवाला, हसू फुटलं होतं. तेच मी फिल्ममध्ये घातलं. शेवटी वैतागून मढंच आपली मान सरळ करतं. कोल्हापुरात लोक पोट धरून हसले. अज्जी मात्र पुरायच्या दिवशी घरीच होती, तिनं यातलं काही पाहिलं नव्हतं. ती दुखावली असती तर ते बक्षीस चुलीत घालायच्या लायकीचं.

हिराबाई अज्जी टीव्हीसमोर मांडी घालून बसली. भावकीचं भांडण बघून खुदकन हसली.

"आस्संच झालं आसनार बघ, संगमेश!"

माझा जीव भांड्यात पडला.

अज्जानं मान सरळ केली. इथं पडदा काळा व्हायला हवा. झाला नाही.

अज्जानं डोळे उघडून अज्जीकडं पाहिलं. मग हात टेकून, सावकाश, खड्ड्यात थोडा बाजूला सरकला. मिशा हलल्या. आवाज नव्हता. त्या बाहुल्याला मी तोंड केलंच नव्हतं, नुसत्या मिशा चिकटवल्या होत्या.

मी रिमोट दाबला. चित्र थांबेना. घाबरून पळायला हवं होतं, पण माझे हात आपोआप जोडले गेले. इतकं जिवंत हलणं माझ्या हातून जन्मात झालं नसतं.

अज्जीनं डोक्यावर पदर ओढला.

"येतो की वो..." ती हळूच म्हणाली. "पर एवढं संगमेशचं लगीन हुंदे..."

अज्जानं मान डोलावली. मग पडदा काळा झाला.

"अज्जी... काय म्हणाला अज्जा?"

"तुला काय करायचं हाय? लगीन कवा करतोस ते सांग."

सौंदर्याशी माझं लग्न ठरलंय. पण त्या दिवसापासून मी तीन मुहूर्त पुढं ढकललेत. तिला कारण सांगता येत नाही, आता ती फोनही उचलत नाही. पण अज्जी ठणठणीत आहे, रोज भाकरी थापते. तेवढ्यासाठी मी जन्मभर बिनलग्नाचा राहीन.

काल धीर करून फिल्म पुन्हा लावली. अज्जा डोळे मिटून तसाच, एका बाजूला. शेजारच्या रिकाम्या जागेत बेलाची पानं पसरली होती, पुरताना खाली पसरतात तशी. मी जवळ जाऊन पाहिलं. हिरवीगार होती, नुकतीच धुतलेली, आणि त्यांच्यावरचं पाणी अजून निथळत होतं.