उजव्या हाताची जागा

काम साधंच होतं. सासूबाईंना रशियातल्या पीटर्सबर्गचे फोटो कागदावर हवे होते, मोबाइलवर त्यांना नीट दिसत नाहीत म्हणून. नोव्हेंबरचा शनिवार होता, ड्रेस्डेनमध्ये चार वाजताच अंधारून आलं होतं. मी पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि फोटोच्या मशीनपुढे स्टूल ओढून बसले.

खरं सांगते, ते फोटो बघायची मला हिंमतच होत नव्हती. नुसता जळफळाट झाला होता. अहो, पीटर्सबर्ग माझं होतं! लग्नाआधीपासून मी त्या महालांची पुस्तकं जमवतेय. कुठल्या राणीनं कुठलं दालन सजवलं, कुठल्या चर्चचा घुमट कसा, विचारा मला. आणि गेला कोण? माझा नवरा, श्रीपाद. चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. आग्र्याहून आल्यावर ज्याला पेठा तेवढा आठवत होता, तो! ऑफिसच्या लोकांची सहल ठरली, बायकांनाही बोलावणं होतं, आणि नेमका माझा पासपोर्ट संपत आलेला. नवा हातात येईपर्यंत व्हिसा नाही.

"मग मीपण नाही जात," तो म्हणाला.

"जा रे बाबा," मी म्हटलं. "नाहीतर जन्मभर ऐकवशील."

पण तो बॅग भरायला बसला आणि माझं डोकं फिरलं. देवघराच्या खणात एक सुपारी पडून होती. श्रावणात आम्ही या नव्या घरात सत्यनारायण घातला, तेव्हा ऐन वेळी मला अडचण आली. गुरुजी पुण्याहून लॅपटॉपवर पूजा सांगत होते. ते म्हणाले, "हरकत नाही, पत्नीच्या जागी यजमानांनी कमरेला सुपारी लावावी." मग माझं नाव-गोत्र घेऊन माझ्या जागी ती सुपारी आली, श्रीपादच्या उजव्या अंगाला. पूजा झाली की तिचं विसर्जन करायचं असतं. ते सांगता सांगता गुरुजी पडद्यावर गोठले, नेट गेलं, आम्ही शिरा खाल्ला, आणि विसर्जन राहिलं ते राहिलंच.

ती सुपारी मी त्याच्या कोटाच्या उजव्या खिशात कोंबली. "माझ्या नशिबात नाही ना, मग हिलाच दाखव तुझे महाल!"

तो हसला. मी नाही हसले.

तर मशीनवर फोटो उमटायला लागले. काय सांगू तुम्हाला... सोनंच सोनं हो! आरशांचं दालन, त्यात हजार मेणबत्त्यांचे दिवे, आरशात दिवे आणि दिव्यांत आरसे. मधासारख्या पिवळ्या दगडाच्या भिंती. लाकडी फरशीवर अशी नक्षी, की पाय ठेवायला जीव धजू नये. मग चर्च. निळे, हिरवे, पीळदार घुमट, आत छतापर्यंत नुसते संत आणि देवदूत.  राग आला की आनंद झाला, मला सांगता येईना.

मग लक्षात आलं. श्रीपाद मधोमध कुठेच नव्हता. प्रत्येक फोटोत एका कडेला, आणि त्याच्या उजव्या हाताला माणूसभर जागा रिकामी. तो हातही कोपरात वाकवलेला, कुणीतरी धरल्यासारखा.

काउंटरवरच्या मुलीनं छापलेले फोटो चाळले, माझ्याकडे पाहिलं आणि हसून जर्मनमध्ये म्हणाली, "किती छान! हिरवा रंग शोभतो तुम्हाला."

माझ्या अंगात राखाडी जॅकेट होतं. मी फोटो उलटेपालटे करून पाहिले. तिथे कुणीच नव्हतं.

घरी आले तर श्रीपाद गुणगुणत कांदा चिरत होता. हा माणूस आणि गुणगुणणं!

"श्री... तिकडे तुझ्याबरोबर कोण होतं?"

"म्हणजे?"

"या फोटोंमध्ये. तुझ्या शेजारी."

त्यानं फोटो बघितला. मग मला. "तू होतीस की, शमिका."

"थट्टा पुरे हं."

"थट्टा कसली?" तो अगदी हळू आवाजात म्हणाला. "या आरशांपाशी तू रडलीस. मी रुमाल दिला. म्हणालीस, श्री, आता काही नको मला..."

भीती मागाहून वाटली. आधी काय वाटलं सांगू? तिडीक! तिथे रडू मला यायचं होतं. माझ्या वाटणीचं रडू कुणीतरी रडून आली होती, आणि माझ्या नवऱ्यानं तिला रुमाल दिला होता. मला लग्नापासून एकदा तरी दिलाय का?

पुढचा आठवडा मी कसा काढला, माझं मला माहीत. घराला वितळलेल्या मेणाचा वास येऊ लागला. खिडक्या उघडल्या तरी जाईना. श्रीपादनं सांगितलं होतं, की त्या महालांत बुटांवर कापडी मोजे चढवावे लागतात, फरशी खराब होऊ नये म्हणून. तसा आवाज मला दिवसाढवळ्या पॅसेजमध्ये ऐकू यायचा. फस्स... फस्स... मी डोकावले की बंद.

आणि श्रीपाद बोलायचा! तासन्‌तास. कुठला खांब, कुठली राणी, कुठल्या घुमटाखाली कसला गारवा. मी इतकी वर्षं हेच सांगायचे तेव्हा तो मोबाइल बघत "हं" म्हणायचा. आता डोळे चमकायचे. फक्त माझ्याकडे बघून बोलत नसे तो. उजवीकडच्या खुर्चीकडे बघून बोले.

"तिथे कोण आहे रे?" मी एकदा ओरडलेच.

त्यानं चेहरा हळूच वळवला. मी कोण, हे आठवायला त्याला एक क्षण लागला.

बस्स झालं, म्हटलं. रविवारी दुपारी त्याच्या कोटातून सुपारी काढली. हाताला कोमट लागली. वाटीत अक्षता, हळद-कुंकू घेतलं आणि एल्ब नदीच्या काठावर गेले. थंडीनं बाकं रिकामी होती. गुरुजींना फोन करायला हवा होता, पण मला धीर कुठला! नाव-गोत्र घेऊन जिला बसवलं, तिला नाव-गोत्र घेऊनच उठवायचं, एवढं मला माहीत होतं. अक्षता टाकल्या, गोत्र उच्चारलं आणि दात-ओठ खात म्हणाले, "शमिका श्रीपाद केळकर, ऊठ इथून. तुझं काम संपलं. जा."

पाण्यात टाकली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. परतताना मात्र पाय जड झाले होते. जिन्यात दोनदा थांबले. दाराशी पर्समधून किल्ली काढतेय तोच श्रीपादनं दार उघडलं.

घरात मेणाचा वास नव्हता. सुटले बाई, असं म्हणणार होते. तो माझ्याकडे बघून हसला. वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे बघून हसतो, तसा.

"या ना," तो म्हणाला. "शमिका नदीवर गेलीय. येईलच इतक्यात. बसा."

"श्री... अरे, मी..."

"चहा टाकू? का तिच्याबरोबरच घ्याल?"

मी आत जाऊन त्याच्यापुढे उभी राहिले.  मागे दार आपोआप लागलं होतं. तेवढ्यात कुलपात बाहेरून किल्ली फिरली.

आमच्या घराला किल्ल्या दोनच. त्याची समोर खुंटीवर लोंबत होती. माझी माझ्या मुठीत होती.

श्रीपादचा चेहरा असा उजळला, की माझ्यासाठी तो तसा कधीच उजळला नव्हता.

"आली!" तो म्हणाला.