सत्तेचाळीस नंबरची फाइल

सकाळी आठ वाजता फोन वाजला तेव्हा शामकांत निसळ सावेडीतल्या घरासमोर स्कूटर पुसत होते. पलीकडून कारखान्याचे मालक राधाकृष्णशेठ बोलत होते. रात्रीतून ऑफिसचं कपाट कुणीतरी उचकटलं होतं. आत एकशे चाळीस फाइली होत्या. त्यातली एकच गेली होती, सत्तेचाळीस नंबरची.

शामकांतांना नवल वाटलं नाही. "येतो," एवढंच ते म्हणाले.

तीस वर्षं आयटीआयमध्ये फिटरची पोरं घडवून ते निवृत्त झाले होते. दोन महिन्यांपूर्वी, शहाण्णवच्या ऑक्टोबरात, शेठनी त्यांना एमआयडीसीतल्या आपल्या पंपांच्या कारखान्यात बोलावून घेतलं. परदेशी गिऱ्हाइकाला नुसते चांगले पंप नको होते. कामगारांना काय शिकवता, ते कोण शिकवतं आणि शिकल्यावर त्यांना काम जमतं का, याचंही प्रमाणपत्र हवं होतं. म्हणून प्रत्येक कामगाराची एक फाइल केली होती. काय शिकवलं, कोणत्या तारखेला, आणि खाली दोघांच्या सह्या, शिकवणाऱ्याची आणि शिकणाऱ्याची. उद्या दहा वाजता ऑडिटर त्याच फाइली तपासायला येणार होता.

सत्तेचाळीस नंबर रंभाजी साळवेचा. वीस जुलैला पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. त्याला प्रेस कुणी शिकवलीच नव्हती, असं तो सांगत होता. कारखाना म्हणत होता, बारा जूनला शिकवली आहे, फाइलीत कागद आहे, तेव्हा चूक त्याचीच. तो कागद पुढे करूनच कारखान्याने त्याची भरपाई कोर्टात अडवून धरली होती.

शेठच्या केबिनमध्ये कामगार अधिकारी सुहास आधीच बसला होता.

"यात शोधायचं काय आहे, सर? भीमराजचंच काम," तो म्हणाला. भीमराज रंभाजीचा धाकटा भाऊ, स्टोअरमध्ये कामाला. एकेकाला बघून घेईन, असं तो कँटीनमध्ये सगळ्यांसमोर बोलला होता. कागद नाहीसा झाला की भावाची केस सोपी.

बारा वाजता पोलिसांना बोलवायचं आणि भीमराजला आजच्या आज कामावरून काढायचं, असं शेठनी ठरवलं होतं. शामकांतांनी बारापर्यंतचा वेळ मागून घेतला.

भीमराज केबिनमध्ये आला, पण बसला नाही.

"फाइल तू घेतलीस?"

"न्हाई."

"काल सुटल्यावर कुठे गेलास?"

"साडेपाचच्या एसटीनं घोडेगावला. वैनीला इचारा."

"वहिनीची साक्ष," सुहास हसला. "म्हणजे घरचंच कोर्ट."

भीमराजच्या मुठी वळल्या. "सर, तुमी म्हनला म्हनून गप हाय. न्हाईतर ह्याचं तंगडंच मोडलं असतं."

"अजून थोडा वेळ गप राहा," शामकांत म्हणाले.

मग ते यंत्रं चालतात त्या शॉपवर गेले. प्रेसचा फोरमन मच्छिंद्र हात पुसत पुढे आला. रंभाजीच्या कागदावर शिकवणारा म्हणून त्याचीच सही होती.

"बारा जूनला रंभाजीला प्रेस तू शिकवलीस?"

"कागदावर तसं हाय."

"मी कागदाचं विचारलं नाही."

मच्छिंद्रने मान खाली घातली. "सही माझी हाय, सर." एवढं बोलून तो पुन्हा प्रेसकडे वळला.

कोरे फॉर्म नीलांबरीच्या ताब्यात असत. सुहासच्याच ऑफिसात टायपिंग करणारी ही मुलगी कामात फार नेटकी होती. फॉर्ममध्ये काही बदल झाला की खाली उजव्या कोपऱ्यात आवृत्तीचा आकडा नवा पडायचा. हल्लीचा फॉर्म तिसऱ्या आवृत्तीचा, एक सप्टेंबरला छापून आलेला. ऑडिटर सहीच्याही आधी तो कोपरा बघतो, हे शामकांतांनी कालच दुपारच्या वर्गात शिकवलं होतं. मच्छिंद्र मागे पेंगत होता. सुहास टिपून घेत होता, तो मध्येच लिहायचा थांबला होता.

"जुन्या आवृत्तीचा एखादा कोरा फॉर्म मिळेल का गं?"

"एकही नाही, सर. नवा आला की जुने मोजून परत घेते आणि फाडते. काल संध्याकाळीही एकांना हवा होता. त्यांनाही हेच सांगितलं."

कोणाला किती फॉर्म दिले, त्याची सह्यांची वही तिने काढून दिली. शामकांतांनी ती चाळली, तिला आणि मच्छिंद्रला बरोबर घेतलं आणि ते केबिनकडे निघाले. अकरा वाजत आले होते.

सगळे जमल्यावर शामकांत फळ्यासमोर उभं राहावं तसे उभे राहिले. त्यांचा आवाज वर्गात असतो तसाच, सावकाश.

"फाइल गेल्याने भीमराजचा काय फायदा? त्या कागदाची झेरॉक्स कारखान्यानेच कोर्टात दिली आहे. तिची एक प्रत रंभाजीलाही मिळाली. मूळ कागद चोरून भीमराजच्या हाती काहीच लागत नाही."

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून शेठसमोर पसरला.

"ही ती प्रत. वर तारीख बारा जून. आता खालचा कोपरा वाचा."

शेठनी चष्मा लावला. "आवृत्ती तीन."

"जी सप्टेंबरात छापली. म्हणजे जूनचा हा कागद बोटं गेल्यावर लिहिलाय. कोर्टात कोपरा कुणी बघितला नाही. ऑडिटर बघणार, हे लिहिणाऱ्याला काल माझ्या वर्गात कळलं. त्याला जुन्या फॉर्मवर नवा कागद करून ठेवायचा होता. कोरा फॉर्म मिळाला नाही, म्हणून फाइलच गेली. नीलांबरी, काल फॉर्म कुणी मागितला?"

ती शेठकडे बघत म्हणाली, "सुहाससाहेबांनी."

"वहीत चार सप्टेंबरला एकच फॉर्म दिलाय. तिथेही सुहासचीच सही आहे. आणि हे बघा, शिकणाऱ्याच्या जागी अंगठा. रंभाजी आयटीआय पास झालेला माणूस. दर पगाराला सही करायचा. जूनमध्ये तो अंगठा का उठवेल? त्याच आठवड्यात सुहास घोडेगावला गेला होता. रजेचा कागद आहे म्हणून सांगितलं आणि डावा अंगठा घेतला. रंभाजीच्या बायकोने, गीताबाईने, नवऱ्याचा हात धरून दिला."

मच्छिंद्र आपणहून बोलला. "साहेब म्हनले, सही कर. म्या केली. पोरगा प्रेसवर बसला तवा त्याला कुनीच शिकवलं नव्हतं."

"फाइल कुठे आहे?" शेठनी विचारलं.

"जाळली," सुहास म्हणाला. तो शामकांतांकडे वळला. "ही झेरॉक्स तुमच्याकडे कधी आली?"

"गुरुवारी. भीमराज आणि गीताबाई घरी आले होते."

"मग कालचा वर्ग..."

"मुद्दाम घेतला. गुरुवारीच बोललो असतो तर तू सगळं मच्छिंद्रवर ढकललं असतंस. सही त्याची होती ना. म्हणून वाट बघितली."

"हा सूड झाला, सर."

"हो," शामकांत म्हणाले. "कानस कशी धरायची ते रंभाजीला त्याच्या हातावर हात ठेवून मी शिकवलं होतं. त्याची बोटं गेली, आणि तू त्यालाच बेफिकीर ठरवलंस."

शेठ घाम पुसत होते. उद्याचं ऑडिट पार पडू दे, मग रंभाजीचं आपण समजुतीने मिटवू, भीमराजच्या नोकरीलाही धक्का लावणार नाही, असं त्यांनी सुचवून पाहिलं.

"शेठ, उद्या ऑडिटरला हे सुहास तरी सांगेल, नाहीतर मी सांगेन. आणि कोर्टाला आजच कळेल."

शेठनी टेबलाचा खण उघडला. मग कबुलीजबाब लिहायला त्यांनी कोरे कागद सुहासपुढे सरकवले.

"सर, एक कानफटात तरी देऊ द्या," भीमराज पुटपुटला.

"तू उभा राहा आणि बघ."

शामकांत एकेक वाक्य सांगत गेले. सुहास अडला की थांबायचे, पुन्हा सांगायचे. घाई नाही, आवाज चढवणं नाही. दोन पानं झाली, सुहासने सही केली. शामकांतांनी ती पानं भीमराजच्या हातात दिली.

"मोठ्याने वाच."

भीमराज वाचू लागला. दारात जेवणाच्या सुट्टीतले कामगार गोळा झाले होते. सुहास उठायला लागला, तेव्हा शेठनीच त्याला खाली बसवलं. "रंभाजी साळवे यांना प्रेसचे काम कधीही शिकवले गेले नव्हते. अपघातात त्यांचा कोणताही दोष नव्हता," इथे भीमराज थांबला.

शामकांतांनी त्याला सावरू दिलं. मग दाराकडे बघत ते म्हणाले, "मागे ऐकू आलं नसेल. पुन्हा वाच."