पाटावरची हातोडी

यातलं एक अक्षरही मी बनवलेलं नाही. बनवायचंच असतं तर भूत जरा बरं बनवलं असतं.

या पेजवर रोज कुणाला ना कुणाला रात्री बारा वाजता पैंजण ऐकू येतात. तुमचं चालू द्या. माझ्या बाबतीत घडलं ते भर दुपारी सव्वा वाजता, लख्ख उन्हात. गेल्या दसऱ्याला.

मी वारज्याला राहतो. खडकवासल्याच्या पाण्यावर एक खासगी बोट क्लब आहे, नाव सांगणार नाही, तिथली इंजिनं सांभाळतो. बोटीमागे पाण्यात पंखा फिरतो, त्यावर बोट चालते. पंखा शाफ्टवर नटानं आवळलेला असतो. नट सुटू नये म्हणून त्यातून आरपार एक पिन घालतात आणि तिची टोकं वाकवतात. पिन नसेल तर नट फिरत फिरत सुटतो आणि पंखा तळाला जातो.

हे कळायला डिग्री लागत नाही. आमच्या मॅनेजरकडे डिग्री आहे.

माझ्या आधी हे काम रंगराव करायचे. जवळच्याच गावचे. मी वर्षभर त्यांच्या हाताखाली होतो. पिन दर वेळी नवी घालायचे. टोकं पकडीनं नाही, हातोडीनं वाकवायचे. दोन्ही एकाच बाजूला. मोजून तीन ठोके.

"माझी पिन मला वळखाय आली पायजे," म्हणायचे.

कुणी पिन घालायची विसरला तर ओरडायचे नाहीत. एक गंजकी पिन गुपचूप त्याच्या जेवणाच्या डब्यात ठेवायचे. मला चार वेळा मिळाली.

दसऱ्याला क्लबमध्ये हत्यारांची पूजा असते. पंखे काढून, घासून पाटावर मांडतात. शेजारी पाना, पक्कड, हातोडी. हळदकुंकू, झेंडू. पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही.

रीत चांगली आहे. पण मॅनेजर दत्तप्रसाद एक पंखा तेवढा उचलून पुन्हा बोटीला लावायला सांगायचे, कारण सुट्टीच्या दिवशी गिऱ्हाईक येतं. म्हणजे पान्याला सुट्टी, पंख्याला नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला असाच हातानं आवळलेला नट सुटला. पंखा गेला. अकरा माणसांची बोट वाऱ्यानं खडकांकडे निघाली. रंगराव दोर घेऊन पोहत गेले, तो बोटीला बांधला. आम्ही काठावरून बोट ओढून घेतली. अकराही वाचले. रंगराव तिसऱ्या दिवशी सापडले.

दत्तप्रसादांनी त्यांचा फोटो ऑफिसात लावला. आणि गेल्या दसऱ्याला त्या फोटोखालीच पाट मांडला.

"अहो, पाना राहू द्या, पूजेतला आहे," ते मला म्हणाले. "हातानं आवळा. एकच चक्कर आहे. हिंजवडीची मंडळी आलीत."

मी देवभोळ्यांना तोंडावर हसणारा माणूस. मी काय केलं? हातानं आवळला. पिन उद्या घालू म्हणून खिशात टाकली. श्रद्धा वगैरे काही नाही, भूक लागली होती.

हिंजवडीची ती मंडळी माझ्या मुलीच्या ऑफिसातली, त्यांच्यात उत्कर्षाही होती. पाण्याची भीती वाटते, मी काठावरच थांबते, असं ती म्हणाली होती. म्हणून मी निवांत होतो. बोटीत बसणाऱ्या दुसऱ्यांच्या मुली मला आठवल्या नाहीत.

ऑफिसात डबा उघडला. श्रीखंड-पुरीचा दुसरा घास घेतला आणि इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं.

मागच्या बाकावर… उत्कर्षा बसली होती.

मी धक्क्यावर धावलो. ओरडलो. इंजिनाच्या आवाजात कोण ऐकतंय? दुसऱ्या बोटीचा पंखा अजून पाटावर होता. जायला काहीच नव्हतं.

बोट मध्यावर गेली… आणि इंजिन बंद पडलं.

वारा पडला. बोटीतली माणसंही बोलायची थांबली.

मग पाण्याखालून आवाज आला…

टक.

टक.

टक.

इंजिन सुरू झालं. बोट वळून सरळ धक्क्याला लागली.

उत्कर्षाला उतरवून घेतलं. इंजिन पाण्याबाहेर उचललं. नट घट्ट होता. आरपार नवी कोरी पिन… दोन्ही टोकं एकाच बाजूला.

माझी पिन माझ्या खिशातच होती.

ऑफिसात गेलो. पाटावर पाना होता, पक्कड होती… हातोडी नव्हती. सांडलेल्या हळदीत तिचा आकार तेवढा उरला होता.

"तुम्हीच नेली असणार," दत्तप्रसाद म्हणाले. "एक दिवस दम निघत नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. पुन्हा पाटाकडे पाहिलं, तर हातोडी जागेवर होती. ओली.

संध्याकाळी घरी बायकोनं डबा घासायला उघडला. आत गंजकी पिन होती.

त्यानंतर मी एकही पिन विसरलो नाही. आठ महिने डबा साफ होता.

परवा पुन्हा एक निघाली.

पावसामुळे बोटी पंधरा दिवस बंद आहेत, क्लबवर डबा घेऊन नुसती हजेरी लावतो. मी एकाही इंजिनाला हात लावलेला नाही. रविवारी फक्त उत्कर्षाच्या स्कूटरचं चाक बसवलं होतं. ते पुन्हा उघडलं. नट घट्ट, पिन जागेवर. तरी तिला बसनं पाठवलं. घरातला गॅस, छताचे पंखे, गॅलरीचा कठडा, सगळं हलवून पाहिलं. काहीही सैल नाही.

काल दुसरी निघाली.

आज डबा अजून उघडलेला नाही. उत्कर्षा सकाळीच बसनं गेली आहे.

रंगराव उगाच कुणाच्या डब्यात पिन ठेवायचे नाहीत. मी काय विसरलोय, ते मला आठवत नाहीये.