कुमुदताईंच्या वाटची वीज

“सर, तुम्ही एकटे आहात हे त्यांना कुणी माणसाने सांगितलं नाही. तुमच्या मीटरने सांगितलं,” मृण्मयी पोंक्षे म्हणाली.

वीजमापन प्रयोगशाळेत तिच्यासमोर तिचे जुने प्राध्यापक केळशीकर बसले होते, भलतेच चिडलेले. पत्नी कुमुद गेल्यापासून फोन त्यांची पाठ सोडत नव्हते. वृद्धाश्रमवाले, फ्लॅट विकत घेणारे, सोबतीला माणूस पुरवणारे! प्रत्येकाला त्यांचं एकटेपण तोंडपाठ.

“म्हणजे मीटर चुगल्या करतो?”

“गीझर कधी, मिक्सर किती वेळ, टीव्ही कधी, यावरून प्रत्येक माणसाचा वापरठसा ओळखता येतो. मॅडमचा ठसा थांबला, घरात एकच उरला. ती माहिती विकली गेली. मृत्यूचा दाखला कोण बघतंय? वीज बघतात.”

“मग पुसून टाक की!”

“विकलेलं पुसता येत नाही, सर. दर महिन्याला नवा अंदाज निघतो, तेवढंच.”

एवढं पुरे होतं. भौतिकशास्त्राचा माणूस तो, मीटरला फसवायचंच असं ठरवून घरी गेला.

दुसऱ्या दिवसापासून केळशीकर कुमुदताईंच्या वाटची वीज जाळू लागले. पहाटे उठून गीझर. मग मिक्सरवर ओल्या खोबऱ्याची चटणी, बाईंना रोज लागायची म्हणून. दुपारी शिलाई मशीन, नुसतंच. संध्याकाळी तिची ती रडकी मालिका. आधी नाक मुरडत, मग नायिकेची सासू बरी होईल ना या काळजीने. चटणी मात्र एकट्याला संपायची नाही, आणि उरलेली टाकताना त्यांना रडू यायचं.

फोन बंद झाले. स्वारी खूश!

आणि एका सकाळी फोन वाजला. यंत्राचा गोड आवाज होता. “कुमुदताई, सर गेल्याचं कळलं. फार वाईट झालं हो. आता एवढ्या घरात एकट्या कशा राहणार तुम्ही?”

केळशीकरांनी तडक मृण्मयीला फोन लावला. तिने नोंद उघडली.

“सर, घरात एकच माणूस दिसतंय. मॅडम. तुमचा ठसा थांबलाय. रात्री टेबलाच्या दिव्याशी वाचत बसायचात ना? रोज इस्त्री करायचात?”

“पहाटे उठायचं म्हणजे लवकर झोपावं लागतं गं. आणि इस्त्री कुणासाठी करू?”

“आज दिवा लावा, सर. महिन्याभरात तुमचा ठसा परत येईल. दोघं दिसलात की फोन थांबतील.”

कितीतरी महिन्यांनी त्या घरात कुणीतरी कुमुदला नावाने हाक मारली होती.

“नको,” केळशीकर म्हणाले. “येऊ देत फोन. तिच्या नावाने येतात.”